पट्टीला डोळा नसतो

एव्हरेट लिंडालने डावा डोळा मिटला, गुडघे किंचित वाकवले आणि बॉनेटच्या वरच्या कडेवरून नजर पुढे सोडली. दिव्यापासून समोरच्या काचेपर्यंत ती कड एका दमात जायला हवी होती. ती जात नव्हती.

"अजून खाली बसतेय," तो म्हणाला. "बरोबर मधोमध. हे बघ, इथे."

त्याचं बोट मातीपर्यंत पोचायच्या आत ऑझी ब्रँशो खाकरला.

"हात मागे, साहेब."

हा दोघांचा वीस वर्षांचा जुना खेळ होता. या स्टुडिओत गाडीचं खऱ्याएवढं रूप आधी मातीत घडवलं जाई, आणि त्या मातीला हात लावायचा तो फक्त ऑझीसारख्या मातीकाम करणाऱ्यांनी. युनियनचा तसा नियमच होता. डिझायनरने काढायचं, बघायचं आणि सांगायचं. एव्हरेट हात पाठीमागे बांधून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. ऑझीने भट्टीतून गरम मातीचा गोळा आणला, अंगठ्याने कडेवर दाबून बसवला आणि वरून पातं फिरवायला घेतलं. त्या मातीला गंधकाचा वास असे आणि तो कपड्यांतून जाता जात नसे. एव्हरेटची बायको आयरीन त्याचा कामावरचा कोट घरात येऊ देत नसे. तो गॅरेजातल्या खुंटीवरच राही.

भरता भरता ऑझीने एकदा भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळ्याला एक लांब पोलादी पट्टी टांगलेली होती, धूळ खात. दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत रेषेचा निवाडा त्या पट्टीनेच झाला असता. इथे ती एव्हरेटने टांगून ठेवली होती, आणि कशी टांगली ते सगळ्यांना पाठ होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गाडी पट्टी लावून, मोजूनमापून तयार केलेली होती. स्टुडिओच्या अंगणात उन्हात नेली, तर तिचं बॉनेट मधे झोळ पडल्यासारखं दिसायला लागलं, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखं. पट्टी तर चोख बसत होती. एव्हरेटने तिथल्या तिथे, नुसत्या डोळ्याने बघून मधोमध माती भरून घेतली आणि मघाशी तोंड वाकडं केलेल्या वरच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. लांब रेषा सरळ दिसायची तर तिला जरासा फुगवटा द्यावा लागतो. किती, ते कुठल्याही पुस्तकात नाही. आत आल्यावर एव्हरेट म्हणाला होता, "पट्टीला डोळा नसतो," आणि पट्टी खिळ्याला गेली ती गेलीच. नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागे.

"आता बघा," ऑझी बाजूला सरकत म्हणाला.

एव्हरेटने पुन्हा डावा डोळा मिटला. रेषा दिव्यापासून निघाली आणि कुठेही न अडखळता काचेशी जाऊन पोचली. त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तो इतका दमलेला होता की त्याने नुसती मान हलवली आणि जवळच्या स्टुलावर बसून घेतलं.

ही त्याची शेवटची गाडी. डिसेंबरात पासष्ट पूर्ण झाली की घरी. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याची एकही गाडी मातीच्या पुढे गेली नव्हती. एकीचा दिवा आवडला नाही, एकीचा खर्च, आणि कधी कधी तर कुणी कारणही सांगितलं नाही. माती खरवडून पुन्हा भट्टीत जाई आणि तिचीच दुसऱ्या कुणाची तरी गाडी होई. एक तरी रस्त्यावर यावी, एवढंच आता त्याला हवं होतं. मोठं काही नाही. शहरातल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नलला थांबावं आणि शेजारच्या रांगेत ती उभी असावी.

लांब बॉनेटचं वेड त्याला लहानपणापासूनचं. बाप वर, उत्तरेला, लोखंडाच्या खाणीत होता. तिथल्या डॉक्टरकडे एक अशी गाडी होती की कोपऱ्यावरून आधी नुसतं बॉनेटच येई आणि मग बऱ्याच वेळाने डॉक्टर. कुणाच्या दारापुढे ती थांबली की आई म्हणे, झालं, आता काहीतरी बरंवाईट कळणार. इंजिनवाले त्याला चिडवत की तुझ्या बॉनेटखाली आम्ही इंजिन ठेवून वर न्हाणीचा टब ठेवू. ठेवा, तो म्हणे. माणूस हप्ते भरतो ते इंजिनासाठी नाही. काचेतून समोर बघितल्यावर आपलं केवढं काही पुढे पसरलंय, हे त्याला रोज सकाळी दिसावं म्हणून भरतो.

पण मातीची ही गाडी सगळी त्याची नव्हती. तिथली पद्धतच तशी होती. एकाच मातीच्या गाडीचे मधोमध उभे दोन भाग पाडायचे, एक बाजू एकाने घडवायची, दुसरी दुसऱ्याने. मग वरचे साहेब येऊन भोवती फिरत आणि एक बाजू निवडत. लांबी दोघांना तीच, ती वरून ठरून आलेली. दुसरी बाजू हेग अराकेलियनची होती. हेग तिशीतला, डेलरे वस्तीतल्या एका न्हाव्याचा मुलगा. एव्हरेटनेच त्याला निवडलं होतं, एव्हरेटनेच त्याला रेषा कशी बघायची ते शिकवलं होतं, गुडघे वाकवण्यापासून. एव्हरेटची रेषा पुढच्या दिव्यापासून शेपटापर्यंत एकसंध जाई. हेगची दारापाशी थांबे आणि मागच्या चाकावर पुन्हा उठे. चांगली होती. एव्हरेटला ती आवडत होती आणि ती हरावी असंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

दुपारी ऑझी आणि त्याच्या माणसांनी गाडीवर चंदेरी फिल्म ताणून बसवली. मातीचा तपकिरी रंग गेला आणि रंगवलेल्या पत्र्यासारखी चमक आली. उद्या सकाळी साहेब येणार होते. एव्हरेटने लवकर घर गाठलं.

आयरीनने पास्टी केल्या होत्या, मांस आणि बटाटा भरून, त्याच्या आईच्या पद्धतीने. शेवटची गाडी म्हणून हे लाड, हे त्याला कळलं. पण जेवायच्या आधी तिने त्याला समोरच्या खोलीत नेलं. तिने पडद्यासाठी नवा पितळी दांडा आणला होता आणि दुपारी शेजाऱ्याच्या मदतीने लावूनही घेतला होता.

"सरळ आहे का बघ," ती म्हणाली. "शेजारच्यावर माझा भरवसा नाही."

त्याने सवयीने गुडघे वाकवले, डावा डोळा मिटला.

"दांडाच वाकडा आहे. मधे बसलाय."

"आजच आणलाय."

"मग परत कर."

"नीट बघ तरी. दुकानात मी फरशीवर ठेवून बघितला होता."

त्याने पुन्हा बघितलं. दांडा मधोमध खाली वाकलेला होता, बॉनेट जसं बसत होतं अगदी तस्साच. त्याने डावा डोळा उघडून उजवा मिटला. दांडा सरळ झाला. उजव्याने पाहिलं, वाकला. डाव्याने, सरळ. तो दाराच्या चौकटीकडे गेला, मग खिडकीतून समोरच्या घराची पन्हाळ बघितली, मग विजेच्या तारेचा खांब. खांबालासुद्धा मधे पोक आलेलं होतं.

"कुणाला डोळा मारतोयस?" आयरीनने हसून विचारलं. "समोरच्या मिसेस कोसाकला? ऐंशीच्या आहेत त्या."

तो हसला. हसता येत होतं याचंच त्याला नवल वाटलं. दांडा सरळ आहे, तो म्हणाला, माझंच चुकलं. मग तो जेवायला बसला आणि दोन पास्टी खाल्ल्या. आयरीनने हौसेने आणखी एक वाढली, तीही त्याने संपवली. डोळ्याचं तिला सांगायला हवं होतं, पण ते सांगितलं असतं तर बॉनेटचंही सांगावं लागलं असतं. किती आठवडे झाले असतील? उन्हाळ्यात त्याने भिंतीवरच्या मोठ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावून पहिली रेषा काढली होती, तेव्हा डोळा ठीक होता का? आणि ऑझीने भरलेली ती सगळी माती?

सकाळी तो पोचला तेव्हा गाडी अंगणात नेऊन ठेवलेली होती. चारी बाजूंनी उंच भिंती, म्हणजे बाहेरच्या कुणाला दिसू नये, आणि वर मोकळं आकाश. ऑझी टायरांवरची धूळ पुसत होता. हेग नवा टाय लावून एकटाच येरझाऱ्या घालत होता. एव्हरेट आपल्या बाजूला गेला, गुडघे वाकवले आणि या वेळी उजवा डोळा मिटला.

बॉनेट मधोमध सुजलं होतं. पडून गुडघा सुजतो तसं. चंदेरी फिल्मवरून आकाशाचा उजेड वाहत येई आणि त्या जागी फाकून दोन्हीकडे सांडे. दिसायला वाईट नव्हतं, हेही त्याला दिसलं. काही साहेबांना ते आवडेलही. पण ती त्याची रेषा नव्हती, ती त्याची व्याधी होती.

"सर," हेग मागे येऊन उभा राहिला. "एक सांगायचंय. साहेब यायच्या आधी सांगितलेलं बरं. रागावू नका."

"बोल."

"तुमचा हा उभार. तुम्ही गेल्यावर मी रोज संध्याकाळी येऊन बघायचो. आधी वाटलं, जास्त झालाय. मग म्हटलं, लिंडाल सरांनी केलाय, तर आपल्यालाच दिसत नसणार. बघत राहिलो, बघत राहिलो, आणि मग दिसायला लागलं."

"काय दिसायला लागलं?"

"बॉनेटच्या आत काहीतरी श्वास घेतंय असं. म्हणून गेल्या आठवड्यात मी ऑझीकडून माझ्या बाजूलाही भरून घेतला. तेवढाच. नक्कल आहे, मान्य आहे मला. पण त्याच्याशिवाय आता माझी बाजू मेल्यासारखी दिसायची."

एव्हरेट गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. आपली कड सोडून गेल्या आठवड्याभरात त्याने पलीकडे धड पाहिलंच नव्हतं. डाव्या डोळ्याने पाहिलं. तिथेही तीच सूज. निरोगी डोळ्याच्या पोराने, कष्टाने, प्रेमाने उतरवून घेतलेली.

स्वतःची गाडी गेली तर गेली, असं म्हणायची तयारी त्याने रात्री थोडीफार केली होती. हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला रडू यावं इतकं वाईट वाटलं, आणि रडायचीही ताकद नव्हती.

तो आत गेला, भिंतीवरच्या खिळ्यावरून पट्टी काढली, बाहीने धूळ पुसली आणि बाहेर येऊन ऑझीपुढे धरली.

"लाव."

ऑझीने पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ही?"

"हीच. हेगच्या बाजूला लाव."

ऑझीने पट्टी कडेवर ठेवली. ती मधेच टेकली आणि दोन्ही टोकं हवेत राहून डुगडुगली. हेग हसला.

"डुगडुगणारच ना, सर. पट्टीला डोळा नसतो, तुम्हीच सांगितलंत."

"मलाही राहिलेला नाही," एव्हरेट म्हणाला. "उजवा गेलाय, हेग. सरळ रेषा मधे बसलेली दिसते. काल घरी पडद्याचा दांडा वाकडा दिसला तेव्हा कळलं. गाडीत कधी खड्डा नव्हताच. मी डोळ्यातला खड्डा भरून घेत होतो."

हेगचं हसू जिथल्या तिथे राहिलं. ऑझीने पट्टी उचलून काखेत धरली.

"तुला माहीत होतं?" एव्हरेटने त्याला विचारलं.

"पट्टी लावून बघितली होती मी," ऑझी म्हणाला. "मागेच. एका संध्याकाळी, तुम्ही घरी गेल्यावर."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मागच्या वेळीही पट्टी एक सांगत होती आणि तुम्ही दुसरं. आणि तुमचंच बरोबर निघालं होतं. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी दिसतंय."

हेग गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते एव्हरेटला कळत होतं, कारण रात्री त्याच्याही डोक्यात तेच येऊन गेलं होतं.

"सर, हे आपल्या तिघांतच आहे," हेग हळू आवाजात म्हणाला. "राहू द्या तसंच. दोन्हीकडे सारखं आहे. त्यांना काय कळणार? उलट खूश होतील."

"होतील. मग पुढच्या गाडीलाही हेच मागतील. आणि तू देशील." एव्हरेटने कोटाची बटणं सोडायला घेतली. "तू ते पोरांना शिकवशील, हेग. लिंडालची रेषा म्हणून. ऑझी, किती वेळ लागेल?"

ऑझीने फिल्मच्या कडेखाली नख घालून पाहिलं. "पुढचा तुकडा सोलायचा, खरवडायचं, घासायचं, पुन्हा ताणायचं. एक बाजू होईल. दोन नाही."

"हेगची घे."

"आणि तुमची?"

"माझी राहू दे."

हेग काहीतरी म्हणू लागला, पण एव्हरेटने त्याला बोलू दिलं नाही. वेळ कमी आहे, टाय शर्टात खोच, एवढंच म्हणाला. ऑझीने आपल्या माणसांना हाक मारली, फिल्म सोलली गेली आणि खालून तपकिरी माती निघाली. ऑझीने पातं फिरवलं तसे मातीचे पातळ गोल पापुद्रे अंगणाच्या फरशीवर पडू लागले. मग प्रश्न आला की थांबायचं कुठे. नुसत्या पट्टीवर सोडलं असतं तर त्या जुन्या गाडीसारखा झोळ पडला असता. एव्हरेटने डाव्या डोळ्याने बघायचा प्रयत्न केला, पण तो डोळा कामाच्या वेळी आयुष्यभर मिटलेलाच होता. त्याला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"तू बघ," तो हेगला म्हणाला. "मी काय केलं असतं ते विसर. तुला सरळ दिसली की थांबव."

हेगने गुडघे वाकवले आणि डावा डोळा मिटला. ऑझी खरवडत राहिला. आणि मग एव्हरेटने, कुणाला न विचारता, मातीवर तळहात ठेवला. ती गार आणि मेणासारखी गुळगुळीत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की आपण जे बघत होतो ते हाताला असं लागतं.

ऑझीने मान वर करून त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या दोन माणसांनीही पाहिलं. ऑझीने खिशातून दुसरं, छोटं पातं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"सावकाश," तो एवढंच म्हणाला. "धार लावलीय."

दोघे जण शेजारी शेजारी खरवडत होते तेव्हा हेग एकदाचा बोलला.

"बस. इथेच."

एव्हरेटने हात काढून घेतला.

फिल्म ताणून, कडा दाबून होईपर्यंत ऊन भिंतीवरून खाली अंगणात आलं. ऑझीच्या माणसांनी फरशी झाडून घेतली. हेगचं बॉनेट आता पुढे निघालं की काचेपर्यंत थांबत नव्हतं. ते चांगलं झालंय हे एव्हरेटला हेगच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

हात धुऊन, कोट चढवून तो पुन्हा आपल्या बाजूला आला. तिथे कुणीच नव्हतं. त्याने गुडघे वाकवले आणि जुन्या सवयीप्रमाणे डावा डोळा मिटला. रेषा दिव्यापासून निघाली, एका दमात काचेशी गेली, दारावरून, मागच्या चाकावरून थेट शेपटापर्यंत गेली. कुठेही बसलेली नव्हती, कुठेही सुजलेली नव्हती. एवढी सुंदर गाडी त्याने आजवर केली नव्हती. वुडवर्डच्या सिग्नलला ती आपल्या शेजारी उभी आहे असं त्याने क्षणभर बघून घेतलं.

"साहेब," पलीकडून ऑझीने हाक मारली, "आले ते."

आतल्या काचेच्या दारामागे काळे कोट दिसू लागले होते. अशा वेळी प्रत्येक डिझायनरने आपापल्या बाजूला उभं राहायचं, तिथली तीही एक पद्धत होती. एव्हरेट गाडीला वळसा घालून गेला आणि हेगच्या शेजारी उभा राहिला. नखांत माती राहिली होती म्हणून त्याने हात पाठीमागे घेतले.